गिरणाकाठची रसायनविद्या
खानदेशातील रसायनशिक्षण आणि हरित रसायनाचे प्रशिक्षण : एक आढावा

प्रास्ताविक

तापी, गिरणा आणि पांझरा यांच्या खोऱ्यांत पसरलेल्या खानदेशची ओळख उर्वरित महाराष्ट्रास कापूस, केळी आणि कडक उन्हाळा या तीन गोष्टींनी आहे. रसायनविद्येचे क्षेत्र म्हणून या मुलखाचे नाव सहसा कोणी घेत नाही. तथापि येथील रसायनाच्या अध्ययनाचा मागोवा घेऊ लागले असता असे आढळते की, या विद्येला येथे जे वळण लागले, ते शेतमाल, पाण्याची टंचाई आणि ऊन यांनीच लावले आहे. घातक द्रव्ये आणि टाकाऊ पदार्थ मुळातच टाळू पाहणाऱ्या ज्या विचाराला अलीकडे हरित किंवा शाश्वत रसायन म्हणतात, त्याचा शिरकाव या भागात कसा झाला, त्याच्या प्रशिक्षणाची तजवीज कोठे व कशी झाली, आणि त्यात अद्याप काय उणे आहे, याचा आढावा घेण्याचा हा प्रयत्न आहे. लेखाचा मुख्य विषय कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, त्यातील रसायनशास्त्र प्रशाळा व रासायनिक तंत्रज्ञान संस्था, आणि जळगाव-धुळ्याकडील संलग्न महाविद्यालये हा आहे. परंतु संस्थेचा इतिहास तिच्या आवाराच्या भिंतीपाशी संपत नसल्यामुळे आसपासच्या उद्योगांचा आणि देशातील व्यापक चळवळीचाही परामर्श ओघाने घ्यावा लागेल.

पूर्वपीठिका

इंग्रजी अमलात १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतर तेच जळगाव आणि धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले, आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळे निघाले. कापसाच्या पेठा, सरकी व भुईमुगाच्या तेलाच्या घाण्या, आणि त्यांना मुंबई-नागपुराशी जोडणारा लोहमार्ग या सामग्रीवर या प्रदेशातील आरंभीचे उद्योग उभे राहिले. त्यांतील एक तर पुढे जगद्विख्यात झाला. २९ डिसेंबर १९४५ रोजी मोहंमद हाशम प्रेमजी यांनी अमळनेरच्या गिरणीसाठी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी नोंदविली. तिचेच नाव कालांतराने विप्रो झाले. संगणकाच्या व्यवसायात शिरण्यापूर्वी कित्येक वर्षे या कंपनीचा कारभार वनस्पती तुपाचा होता, आणि वनस्पती तूप म्हणजे निखळ उत्प्रेरणरसायन : तापविलेल्या तेलात निकेलची बारीक पूड घालून दाबाखाली हायड्रोजन वायू सोडावयाचा, तेलातील द्विबंध भरून निघाले की पातळ तेल घट्ट होते, आणि पूड गाळून पुन्हा वापरता येते.

हरित रसायनाच्या तत्त्वांत उत्प्रेरकाचे माहात्म्य मोठे असल्यामुळे या उदाहरणाकडे पाहून आमचे पूर्वज नकळत हरित रसायनच करीत होते असे म्हणण्याचा मोह होतो, परंतु तो आवरला पाहिजे. या प्रक्रियेत काही द्विबंध भरून न निघता केवळ आपली रचना पालटतात, त्यांतून ट्रान्स प्रकारची स्निग्धाम्ले निपजतात, आणि ती हृदयाला अपायकारक ठरल्यामुळे केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातील त्यांचे प्रमाण २ टक्क्यांवर मर्यादित केले. कच्चा माल शेतातला आहे आणि उत्प्रेरकही वापरला आहे, एवढ्यावरून एखादी प्रक्रिया निर्दोष ठरत नाही. माल वापरणाऱ्याच्या देहापर्यंत तिचा हिशेब न्यावा लागतो.

दुसरे उदाहरण जळगावचे. भवरलाल जैन यांनी १९७८ साली केळीची पूड करणारा एक बंद पडलेला कारखाना विकत घेतला आणि तेथे पपईच्या चिकापासून पपेन काढण्यास आरंभ केला. कच्च्या फळाच्या सालीवर उथळ चिरा पाडावयाच्या, ओघळणारा पांढरा चीक गोळा करावयाचा, तो वेळेवर वाळवून शुद्ध करावयाचा, अशी ही कृती आहे. त्यातून मिळणारे विकर प्रथिनांचे विघटन पाण्यात आणि साध्या उष्णतेत घडवून आणते, ज्या कामासाठी एरवी तीव्र आम्लात तासन् तास उकळावे लागते. ठिबक सिंचनाने पुढे ख्याती पावलेल्या या उद्योगसमूहाचा आरंभकाळ अशा विकराशी निगडित आहे, ही गोष्ट जळगावच्या रसायन-विद्यार्थ्यांस अवश्य सांगितली पाहिजे.

शिक्षणाची सोय मात्र उद्योगांच्या मानाने उशिरा झाली. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय आणि अमळनेरचे प्रताप महाविद्यालय सुरू झाले. पुढे धुळ्यास घोगरे विज्ञान महाविद्यालयाने विज्ञानशिक्षणाचा भार उचलला, आणि शिरपूरच्या आर. सी. पटेल संस्थेने औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण तालुक्याच्या गावी आणले. यांपैकी जळगाव व अमळनेरची जुनी महाविद्यालये प्रथम मुंबई विद्यापीठाशी आणि १९४९ नंतर पुणे विद्यापीठाशी संलग्न झाली. अभ्यासक्रमातील फेरफार, परीक्षांचे दप्तर, संशोधनाची मान्यता या सर्वांसाठी पुण्याकडे डोळे लावून बसण्याखेरीज इलाज नव्हता. रासायनिक तंत्रज्ञान शिकावयाचे तर माटुंग्याची वाट धरावी लागे, जेथे १ ऑक्टोबर १९३३ पासून मुंबई विद्यापीठाचा तो विभाग चालू होता, आणि संशोधनाची आस असलेला एखादा पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत दाखल होई. जो हुशार विद्यार्थी असा बाहेर पडे, तो सहसा परत येत नसे.

विद्यापीठाची स्थापना

१५ ऑगस्ट १९९० रोजी पुणे विद्यापीठातून खानदेशचा भाग वेगळा काढून उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना झाली. गणिताचे व्यासंगी डॉ. एन. के. ठाकरे हे पहिले कुलगुरू होत. जळगावलगत बांभोरीजवळ गिरणेच्या काठी, ओसाड टेकड्यांच्या माळरानावर विद्यापीठाने आपले बिऱ्हाड मांडले, आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी स्वतंत्र विभाग न काढता परस्परसंबद्ध विषयांच्या प्रशाळा काढण्याचे धोरण स्वीकारले. रसायनशास्त्र प्रशाळा त्यांपैकीच एक. नव्वदीच्याच दशकात रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग निघाला, तोच आजची विद्यापीठाची रासायनिक तंत्रज्ञान संस्था होय. तेल, रंगलेप, प्लास्टिक आणि अन्नप्रक्रिया हे तिचे विषय पाहिले म्हणजे ते ठरविणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे खानदेशच्या गिरण्या, नळांचे व चटयांचे कारखाने आणि केळीचे मळे होते, याविषयी शंका राहत नाही. २०१८ साली आसोद्याच्या कन्या बहिणाबाई चौधरी यांचे नाव विद्यापीठास देण्यात आले.

स्वतंत्र विद्यापीठाचा सर्वांत मोठा लाभ अभ्यासमंडळाचा. बी.एस्सी.च्या वर्गात कोणता प्रयोग ठेवावा आणि कोणता गाळावा, याचा निर्णय आता जळगाव, धुळे, चोपडा, शहादा येथील प्राध्यापकांनी एकत्र बसून घ्यावयाचा होता, आणि हरित रसायनाच्या प्रवेशाचे दार हेच होते.

नव्या विचाराची चाहूल

या विचाराचा उगम एका घोर दुर्घटनेच्या छायेत झाला. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळ येथे मिथिल आयसोसायनेट वायूची गळती होऊन हजारो माणसे प्राणास मुकली. घातक द्रव्य मोठ्या टाकीत साठवून त्याभोवती सुरक्षेचा बंदोबस्त करण्याऐवजी ते द्रव्य लागणारच नाही अशी प्रक्रिया योजावी, हा धडा जगभरच्या रसायनज्ञांनी त्यातून घेतला. १९९१ साली बॅरी ट्रॉस्ट यांनी अणुमितव्ययाची, म्हणजे घातलेल्या द्रव्यापैकी किती भाग मालात उतरतो हे पाहण्याची, कल्पना मांडली. त्याच सुमारास रॉजर शेल्डन यांनी एक किलो मालामागे किती किलो टाकाऊ पदार्थ निघतो, हे मोजण्याचा प्रघात पाडला. आणि १९९८ साली पॉल अनास्तास व जॉन वॉर्नर यांनी आपल्या ग्रंथात हरित रसायनाची १२ तत्त्वे ग्रथित केली. शेल्डन यांच्या गणनेचा निष्कर्ष मार्मिक आहे : तेलशुद्धीकरणात हा टाकाऊ भाग किलोमागे ०.१ च्या आत असतो, तर औषधनिर्मितीत तो २५ पासून १०० पर्यंत व क्वचित त्याहून अधिक भरतो. ज्याला आपण स्वच्छ आणि नाजूक उद्योग समजतो, तोच या जमाखर्चात सर्वांत खर्चिक ठरला.

वर्गातील फळ्यावर अणुमितव्ययाचा जमाखर्च ॲस्पिरिनच्या उदाहरणाने मांडता येतो. सॅलिसिलिक आम्लाचे १३८ भाग आणि ॲसेटिक ॲनहायड्राइडचे १०२ भाग यांच्या संयोगातून ॲस्पिरिनचे १८० भाग आणि ॲसेटिक आम्लाचे ६० भाग मिळतात; म्हणजे कितीही कुशल हाताने प्रयोग केला आणि उतारा शंभर टक्के पदरात पडला, तरी घातलेल्या द्रव्यापैकी ७५ टक्केच औषधात उतरते. याच मापाने आयबुप्रोफेन मोजले तर जुन्या सहा पायऱ्यांच्या कृतीत ४० टक्के आणि १९९२ पासून कारखान्यात आलेल्या तीन पायऱ्यांच्या उत्प्रेरकी कृतीत ७७ टक्के असे आकडे येतात. उताऱ्याच्या टक्केवारीवर गुण देण्याची सवय असलेल्या प्रात्यक्षिकाच्या परीक्षेला या दुसऱ्या मोजमापाची ओळख होणे, हीच आमच्या मते या शिक्षणातील पहिली महत्त्वाची पायरी होय.

प्रयोगशाळेतील फेरफार

केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने नेमलेल्या कृतिदलाने पदवीच्या वर्गांसाठी हरित प्रयोगांची एक पुस्तिका सिद्ध केली, आणि भारतातील महाविद्यालयांत या विषयाचा जो प्रसार झाला त्यात या छोटेखानी पुस्तिकेचा वाटा फार मोठा आहे. तिच्यातील दोन प्रयोग येथे सविस्तर सांगण्याजोगे आहेत.

पहिला बेंझॉइनचा. बेंझाल्डिहाइडचे दोन रेणू जोडण्यासाठी पिढ्यान् पिढ्या सोडियम सायनाइड वापरले जाई. म्हणजे ज्या विषाची चिमूटभर मात्रा प्राण घेण्यास पुरेशी, ते कुलूपबंद कपाटातून काढून विशीतल्या मुलांच्या हाती द्यावयाचे आणि प्रयोग संपेपर्यंत शिक्षकाने जीव मुठीत धरून फिरावयाचे. नव्या पद्धतीत सायनाइडच्या जागी थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व येते. ते थोड्या पाण्यात विरघळवून त्यात अल्कोहोल घालावयाचे, चंचुपात्र बर्फात ठेवून थंडगार दाहक सोड्याचे द्रावण थेंबाथेंबाने सोडावयाचे, कारण अल्क गरम असेल तर थायमिनची मोडतोड होते, आणि मग बेंझाल्डिहाइड मिसळून पात्र कोमट ठेवावयाचे किंवा सरळ दुसऱ्या दिवसापर्यंत झाकून ठेवावयाचे. स्फटिक आपोआप अवतरतात. दुसरा प्रयोग ॲसेटॲनिलाइडच्या ब्रोमिनीकरणाचा : द्रवरूप ब्रोमिनच्या तांबड्या धुरामुळे वर्गात डोळ्यांची आग होई, आणि निम्मे ब्रोमिन हायड्रोजन ब्रोमाइडच्या रूपाने वाया जाई, त्याऐवजी पोटॅशियम ब्रोमाइड व सेरिक अमोनियम नायट्रेट वापरले की धुराची बाटलीच उघडावी लागत नाही.

खानदेशात या सुधारणांना एक स्थानिक कारणही येऊन मिळते. डायएथिल ईथर ३४.६ अंश सेल्सिअसला उकळते; जळगाव-भुसावळचा पारा वैशाखात ४५ अंशांच्या घरात जातो. ज्या द्रावकाची बाटली मे महिन्यात उघडताच फुसफुसते, त्याचा वापर टाळणे हे इंग्लंडातील पाठ्यपुस्तकाला तत्त्व वाटेल, येथे ती दैनंदिन निकड आहे; म्हणून खलबत्त्यात घोटून, द्रावकावाचून घडवून आणावयाच्या अभिक्रिया या हवेला विशेष मानवतात. पाण्याचे मात्र उलटे आहे. ग्रंथ सांगतात की पाणी हा सर्वांत निरुपद्रवी द्रावक. परंतु जेथे उन्हाळ्यात नळाला दिवसाआड किंवा त्याहून उशिरा पाणी येते, तेथे संघनकातून तासभर वाहून मोरीत जाणाऱ्या धारेचाही हिशेब हरित म्हणविणाऱ्या प्रयोगशाळेस द्यावा लागतो. बादली, लहानसा पंप आणि रबरी नळी यांच्या साहाय्याने तेच पाणी फिरवीत ठेवणे ही युक्ती साधी आणि स्वस्त आहे, आणि ती प्रयोगाच्या विधीत लिहिली गेली पाहिजे.

मेळावे आणि प्रशिक्षणवर्ग

शिक्षकांनी हे सर्व शिकावयाचे कोठे? दिल्ली विद्यापीठातील हरित रसायनाचे केंद्र, माटुंग्याच्या पूर्वोक्त विभागातून पुढे घडलेली रासायनिक तंत्रज्ञान संस्था आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा ही या विद्येची प्रमुख पीठे होत. माटुंग्याच्या संस्थेचे कुलगुरुपद २००९ पासून दशकभर भूषविणारे प्रा. गणपती यादव यांनी घन उत्प्रेरकांच्या साहाय्याने हरित प्रक्रिया घडविण्याच्या अध्ययनाला वाहून घेतले, आणि अशा नामवंतांच्या व्याख्यानांतून हा विषय महाराष्ट्रभर पोहोचला. उद्योजकांच्या बाजूने २००९ साली मुंबईत ‘इंडस्ट्रियल ग्रीन केमिस्ट्री वर्ल्ड’ या नावाचे संमेलन भरू लागले; कारखानदार, संशोधक आणि शासकीय अधिकारी यांना एका मांडवाखाली आणून प्रत्यक्ष कारखान्यात उतरलेल्या प्रक्रियांची देवाणघेवाण घडवावी, हा त्याचा हेतू.

जिल्ह्याच्या ठिकाणी भरणाऱ्या चर्चासत्रांचे स्वरूप याहून निराळे असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या साहाय्याने आणि पुढे मूल्यांकनाच्या निकडीने महाविद्यालयांतून राष्ट्रीय चर्चासत्रे भरविण्याची प्रथा रूढ झाली, आणि शाश्वत रसायन हा त्यांचा आवडता विषय ठरला. दीपप्रज्वलन, बीजभाषण, शोधनिबंधांचे वाचन, भित्तिपत्रकांचे प्रदर्शन आणि प्रमाणपत्रांचे वाटप हा त्यांचा क्रम सर्वांच्या परिचयाचा आहे. अशा मेळाव्यांची थट्टा करणे सोपे आहे. परंतु तळोद्याच्या किंवा पारोळ्याच्या महाविद्यालयातील तरुण अध्यापिकेस माटुंग्याच्या तज्ज्ञाला समोरासमोर प्रश्न विचारण्याची संधी बहुधा येथेच मिळते, आणि भोजनाच्या वेळी झालेल्या ओळखीतून पुढे संशोधनाचे मार्गदर्शन मिळाल्याची उदाहरणे विद्याक्षेत्रात विरळा नाहीत. तरीही स्पष्ट बोलावयाचे तर ज्या प्रशिक्षणात शिक्षकाचा हात चंचुपात्राला लागला, त्याचाच ठसा टिकला. दोन दिवसांच्या भाषणांनी बारा तत्त्वे पाठ होतात; थायमिनचे द्रावण किती थंड असावे, हे बर्फात बोट घातल्यावाचून कळत नाही.

या बाबतीत धुळ्याचा एक वारसा लक्षात घेण्यासारखा आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचा ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास अंत झाला आणि त्यांनी गोळा केलेली कागदपत्रे जतन करण्यासाठी तेथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. अस्सल साधनावाचून विधान करू नये, ही शिस्त ज्या गावाने जपली, त्या परिसरात रसायनाच्या मेळाव्यांनीही मोजमापावाचून ‘हरित’ हे विशेषण लावू नये, ही अपेक्षा गैरवाजवी नाही.

संशोधन, उद्योग आणि जोखीम

विद्यापीठाच्या रसायनशास्त्र प्रशाळेत वनस्पतिजन्य तेलांपासून पॉलियुरेथेनचे लेप तयार करण्यावर दीर्घकाळ काम झाले आहे. पेट्रोलियमजन्य पॉलिऑलच्या जागी शेतातले किंवा रानातले तेल आणणे ही खरीखुरी प्रगती आहे. मात्र या लेपाचा दुसरा घटक आयसोसायनेट हाच असतो, आणि तो सामान्यतः फॉस्जिनसारख्या विषारी वायूपासून बनतो. भोपाळच्या द्रव्याचा हा भाऊबंद अद्याप घरात आहे, हे विद्यार्थ्यास सांगणे म्हणजे संशोधनाचा उणेपणा काढणे नव्हे. पुढच्या पिढीच्या संशोधनाचा विषय त्याला दाखवून देणे होय.

जळगाव हे नळांचे शहर आहे. पीव्हीसी तापवून नळ घडविताना त्याचे विघटन होऊ नये म्हणून पूर्वी शिशाची संयुगे घालीत. शिसे पिण्याच्या पाण्यात उतरते म्हणून केंद्र शासनाने २०२१ साली त्यावर निर्बंध घालणारे नियम केले, आणि कॅल्शियम-जस्त यांसारखे पर्याय पुढे आले. प्लास्टिक तंत्रज्ञानाचा पदवीधर या कारखान्यांत पर्यवेक्षक होतो, तेव्हा महाविद्यालयात शिकलेले हरित रसायन त्याच्या मिश्रणयंत्रापाशी उपयोगी पडते.

आणि एक दिवस या प्रदेशाने विसरता कामा नये असा आहे. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी शिरपूर तालुक्यातील वाघाडी येथे एका रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन दहाहून अधिक माणसे मृत्यू पावली आणि अनेक जखमी झाली. हरित रसायनाच्या बारा तत्त्वांपैकी शेवटचे तत्त्व अपघाताच्या शक्यतेसंबंधी आहे, आणि चर्चासत्रांतील निबंधांत त्याच्या वाट्याला सर्वांत थोडी पाने येतात, असा आमचा अनुभव आहे. उत्प्रेरकांवरील निबंधाने बढती मिळते. पिंप हाताळणाऱ्या कंत्राटी मजुराला त्याच्या बोलीत, अहिराणीत किंवा पावरीत, द्रव्याचे गुणधर्म समजावून सांगण्याने ती मिळत नाही. प्रशिक्षणाचा हा भाग विद्यापीठ, औद्योगिक वसाहती आणि शासनाचे औद्योगिक सुरक्षा खाते यांनी मिळून उचलावयाचा आहे.

पुढील वाट

केळीचा घड उतरला की खोड तोडून बांधावर टाकावे लागते. जळगावच्या केळीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण या खोडातील तंतू, सेल्युलोज आणि रस यांचा किफायतशीर उपयोग करणारी रसायनविद्या अजून गावोगाव पोहोचलेली नाही. तेल, प्लास्टिक, अन्न आणि रंगलेप या चारही शाखा एका आवारात असलेल्या संस्थेस याहून अनुरूप कार्य शोधूनही सापडणार नाही. आणि त्याला हात घालताना पाणी किती लागेल, अल्क कोठे जाईल, वाळवणीस इंधन कोणते, हा हिशेब पहिल्या दिवसापासून मांडला पाहिजे.

तीन दशकांच्या वाटचालीकडे पाहता समाधान वाटावे असे पुष्कळ आहे. ज्या मुलखातून विद्यार्थी बाहेर जात, तेथे आज पीएच.डी.पर्यंतची सोय आहे; जे प्रयोग पुण्याहून ठरून येत, ते येथील अभ्यासमंडळ ठरविते. म्हणून आमची सूचना एवढीच की, यापुढे प्रत्येक चर्चासत्राच्या आणि कार्यशाळेच्या अहवालात प्रतिनिधींच्या संख्येखाली आणखी एक रकाना असावा : सहभागी महाविद्यालयांपैकी किती ठिकाणी पुढील सत्रात एखादा घातक प्रयोग बदलला गेला, आणि त्यामुळे द्रव्य, पाणी व टाकाऊ पदार्थ यांत किती फरक पडला. हा रकाना भरण्यास एक वर्ष थांबावे लागेल, आणि आरंभी तो बहुधा कोराच राहील. तरीही तो छापावा, कारण पुढच्या लेखकास या विद्येचा इतिहास लिहिताना त्याच आकड्यांचा आधार घ्यावा लागणार आहे.